घरोघरचा छोटा कॅमेरा

धारवाड स्टेशनच्या लगत वसलेला मळमड्डी हा गावाचा जुना भाग. कौलारू घरे, पुढे पडवी, मागे परसू, परसात एखादे आंब्याचे वा फणसाचे झाड, अशी त्याची ओळख आता उंच इमारतींच्या गर्दीत पुसट होऊ लागली आहे. येथील कित्येक घरांत कानडी आणि मराठी ह्या दोन्ही भाषा एकाच दिवशी, किंबहुना एकाच वाक्यात नांदतात. अशा एखाद्या घराची धांडोळी घेतली तर त्यात छायाचित्रांचे तीन थर सापडतील. पहिला थर भिंतीवरचा. त्यात पगडी किंवा रुमाल बांधलेले पणजोबा आणि नऊवारीतील पणजी काचेआड बसलेली असतात. दुसरा थर कपाटातला. काळ्या कागदाचा आल्बम आणि त्यात कोपरे अडकवून बसविलेले पांढरे-काळे फोटो. तिसरा थर मात्र दिसत नाही. तो टेबलाच्या खणात, जुन्या चाव्या, बंद पडलेली घड्याळे आणि औषधांच्या चिठ्ठ्या ह्यांच्या खाली पडलेला असतो. तो म्हणजे मुठीत मावणारा, चंदेरी रंगाचा, बॅटरी संपलेला एक छोटा डिजिटल कॅमेरा.

पहिल्या दोन थरांची कोणी फारशी चिंता करीत नाही आणि तशी गरजही नाही. ते पन्नास-पाऊणशे वर्षे टिकले आहेत, आणखीही टिकतील. चिंता करावयाची ती तिसऱ्या थराची. साधारणपणे २००० पासून २०१२ पर्यंतच्या बारा वर्षांत मध्यमवर्गीय कुटुंबाने आपल्या आयुष्याची जेवढी चित्रे काढली, तेवढी त्यापूर्वीच्या शंभर वर्षांत मिळूनही काढली नसतील. आणि नेमकी हीच चित्रे हरवण्याची भीती आज सर्वांत अधिक आहे. हा विरोधाभास कसा निर्माण झाला, ह्या लहानशा यंत्राने घरातल्या माणसांना काय दिले, आणि ते दिलेले राखावयाचे कसे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

धारवाडला कॅमेऱ्याची ओळख फार जुनी. मुंबई सरकारने १८५५ च्या सुमारास ह्या मुलुखातील देवळे आणि शिलालेख ह्यांची छायाचित्रे काढण्याचे काम प्रथम बिग्ज नावाच्या लष्करी अधिकाऱ्याकडे आणि त्यांच्यानंतर डॉक्टर पिगू ह्यांच्याकडे सोपविले. ह्या दोघांनी आणि नील नावाच्या तिसऱ्या गृहस्थांनी काढलेली चित्रे १८६६ मध्ये लंडनहून 'आर्किटेक्चर इन धारवार अँड मैसूर' ह्या भव्य ग्रंथात प्रसिद्ध झाली. त्यास मेडोज टेलर आणि जेम्स फर्ग्युसन ह्यांच्यासारख्या जाणकारांचे विवेचन जोडलेले होते. बिग्ज ह्यांचे निगेटिव्ह कागदाचे असत. अवजड यंत्र, रसायनांच्या बाटल्या आणि अंधाराचा तंबू असा सरंजाम घेऊन हे लोक हिंडत. त्यांनी केलेले काम मोलाचे आहे. पण त्यांचा कॅमेरा आला होता तो दगडांकडे पाहण्यासाठी. त्या देवळांच्या सावलीत राहणाऱ्या माणसांच्या घरात शिरण्याचे त्यास कारण नव्हते.

घरात कॅमेरा शिरावयास आणखी शंभर वर्षे लागली. मधल्या काळात माणसेच कॅमेऱ्याकडे जात. मुंज झाली, लग्न ठरले, मुलगा मॅट्रिक झाला की स्टुडिओत जावयाचे, रंगविलेल्या पडद्यापुढे खुर्चीवर बसावयाचे आणि श्वास रोखून समोर पाहावयाचे. त्या चित्रांत कोणी हसत नाही, ह्याचे कारण पूर्वज उदास होते असे नव्हे. एका फोटोस पैसे पडत आणि ते वाया जाऊ द्यावयाचे नसत, हे होय. पुढे बडोद्यास तयार होणारा आग्फा क्लिक-थ्री हा पेटीवजा कॅमेरा मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. उटकमंड येथे १९६० मध्ये हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९६७ पासून तेथून 'इंदू' ह्या नावाची फिल्म बाजारात येऊ लागली. क्लिक-थ्रीच्या एका रोलवर बारा चौकोनी चित्रे निघत. बारा! गणपतीत चार, दिवाळीत चार आणि उरलेली चार उन्हाळ्याच्या सुटीत, अशी काटकसरीची वाटणी होत असे. रोल संपेपर्यंत धुवावयास द्यावयाचा नाही, हा तर घरोघरचा नियम होता. त्यामुळे गणपतीत काढलेला फोटो मे महिन्यात पाहावयास मिळे, आणि त्यात आजोबांचे डोके कापले गेले असले तरी त्यास उपाय नसे.

ह्या काटकसरीचा एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. कॅमेरा महाग, फिल्म महाग, तेव्हा तो हाताळण्याचा अधिकार घरातल्या एकाच माणसास. आणि ते बहुधा वडील किंवा थोरले काका. म्हणून जुन्या आल्बमातील सारे जग एकाच माणसाच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. त्या माणसास जे महत्त्वाचे वाटले, ते उरले: समारंभ, सहली, नवी सायकल, नवी स्कूटर. स्वयंपाकघर, माजघर, विहिरीवरचे धुणे, दुपारची झोप ही त्या आल्बमात सापडावयाची नाहीत. ज्या आईने आयुष्याची तीस वर्षे चुलीपुढे काढली, तिचा चुलीपुढचा एकही फोटो बहुतेक घरांत नाही. थोरामोठ्यांचीही स्थिती फार निराळी नव्हती. अनेक वर्षे धारवाडात राहून येथील महाविद्यालयात इंग्रजी शिकविणारे जी. ए. कुलकर्णी १९८७ मध्ये निवर्तले. काळा चष्मा लावलेली त्यांची मोजकी छायाचित्रेच काय ती मराठी वाचकाच्या परिचयाची आहेत.

ही काटकसर ज्या शोधाने मोडली, त्याचा आरंभ १९६९ मध्ये झाला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ ह्या दोघा शास्त्रज्ञांनी प्रकाशाचे विद्युत्‌भारात रूपांतर करून तो क्रमाने मोजून घेणारी एक चकती तयार केली. ह्या कामाबद्दल त्यांस २००९ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. ह्या चकतीचा उपयोग करून कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन ह्या तरुण अभियंत्याने १९७५ मध्ये पहिला फिल्मरहित कॅमेरा जुळविला. त्याचे वजन साडेतीन किलोच्या वर होते. चित्र अवघ्या दहा हजार ठिपक्यांचे होते. आणि ते एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरावयास २३ सेकंद लागत. ज्या कंपनीची सारी भरभराट फिल्मवर उभी होती, त्याच कंपनीत फिल्म नको असलेला कॅमेरा जन्मास आला. पुढे २०१२ च्या जानेवारीत त्याच कंपनीस दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला, हा इतिहास सर्वश्रुत आहे.

सामान्य माणसाच्या हाती हे यंत्र आले ते १९९५ नंतर. त्या वर्षी जपानमध्ये कॅसिओ कंपनीचा क्यूव्ही-१० हा कॅमेरा निघाला. त्यातील चकती अडीच लाख ठिपक्यांची होती आणि त्यात ९६ चित्रे साठत. पण त्याचे खरे वैशिष्ट्य निराळे होते. त्याच्या पाठीवर एक लहानसा पडदा होता आणि काढलेले चित्र त्यावर लागलीच पाहता येत असे. आज ह्या गोष्टीचे कोणास नवल वाटणार नाही. परंतु मनुष्याच्या आणि छायाचित्राच्या संबंधात एवढा मोठा पालट दुसऱ्या कोणत्याही सुधारणेने घडवून आणलेला नाही. पूर्वी फोटो काढणे आणि पाहणे ह्यांत महिन्यांचे अंतर असे. आता ते एका श्वासाएवढे झाले.

मळमड्डीसारख्या वस्तीत हा कॅमेरा दुकानातून आला नाही. तो बहुधा पेटीतून आला. येथील मुले शिकली, पुण्यास गेली, बंगळूरला गेली आणि तेथून परदेशी गेली. सुटीत घरी येताना चॉकलेटे, अत्तराच्या बाटल्या आणि विटामिनच्या गोळ्या ह्यांच्यासंगती त्यांनी आईवडिलांसाठी एक छोटा कॅमेरा आणला. देण्याचा हेतू प्रेमाचा होता आणि थोडा स्वार्थाचाही: घरी काय चालले आहे ते दूरदेशी दिसावे. मुलगा परत जाण्याच्या आदल्या रात्री कॅमेऱ्याचे धडे होत. वडील ते वहीत लिहून घेत: 'वरचे बटण दाबणे. भिंग बाहेर येईल. घाबरू नये.' ही सूचना अनाठायी नव्हती, कारण बटण दाबताच भिंगाची नळी गुरगुरत पुढे येई आणि नवशिक्याच्या हातून यंत्र निसटता निसटता राही.

प्रारंभीची मोठी भीती मात्र निराळी होती. 'चुकीचे बटण दाबले आणि सगळे पुसले गेले तर?' ही धास्ती वडीलधाऱ्यांच्या मनातून अनेक महिने जात नसे. म्हणून पुष्कळ घरांत हा कॅमेराही आरंभी जुन्या काटकसरीनेच वापरला गेला. कार्डावर चारशे चित्रांची जागा असता दिवाळीत सहा फोटो काढून तो परत डबीत जाई. फिल्म संपत नाही, धुलाईचे पैसे पडत नाहीत, ही गोष्ट बुद्धीस पटली तरी बोटास पटावयास वेळ लागला. ती प्रथम पटली मुलांना. नातवंडांच्या हाती कॅमेरा पडला आणि त्यांनी घरातले मांजर, आजोबांचे पाय, छताचा पंखा आणि एकमेकांचे वेडावलेले चेहरे असे शेकडो फोटो काढून ठेवले. मोठ्यांनी त्यास चाळे म्हटले. पण आज ते फोटो उघडून पाहिले असता मागे भिंतीवरचे जुने घड्याळ दिसते, कोनाड्यातील पितळी समई दिसते, पाडून टाकलेल्या माजघराची लाकडी तुळई दिसते. मुलांनी मांजराचा म्हणून काढलेला फोटो आता घराचा फोटो ठरला आहे.

मुलांच्या मागोमाग कॅमेरा घरातल्या बायकांच्या हाती आला, आणि हा ह्या यंत्राचा सर्वांत मोठा उपकार मानावयास हवा. ज्या यंत्रास चूक झाली तरी खर्च नाही, ते यंत्र कोणाच्याही हाती देता येते. मग लोणच्याच्या बरण्या, गौरीची आरास, अंगणातील रांगोळी, नव्याने फुललेले ब्रह्मकमळ, भिशीच्या मैत्रिणी असे विषय प्रथमच चित्रांत उतरू लागले. परदेशी असलेल्या लेकीस चकलीचे पीठ किती घट्ट असावे हे पत्रातून सांगणे कठीण, फोटोतून सोपे. एवढ्याशा सोयीने आल्बमाचा डोळा बदलला. पडवीवरून पाहणारा कॅमेरा माजघरातून पाहू लागला.

आता ह्या कॅमेऱ्याचे उणेपणही सांगितले पाहिजे. वापरणारांची पहिली तक्रार अशी असे की, बटण दाबावे एका क्षणी आणि फोटो निघावा दुसऱ्याच. अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, बटण दाबले जाते. आणि चित्रात पाहावे तर भटजी पाणी पीत आहेत! ह्याचे कारण असे की बटण दाबल्यावर यंत्र प्रथम अंतर मोजते, उजेड मोजते आणि मगच चित्र घेते. बटण अर्धे दाबून धरावे, यंत्राने हिरवी खूण दाखविली की पुरे दाबावे, ही युक्ती पुस्तिकेत छापलेली असे. पण पुस्तिका वाचण्याची आपल्याकडे चाल नाही. दुसरी तक्रार संध्याकाळच्या फोटोंची. ह्या छोट्या कॅमेऱ्यांतील प्रकाश टिपणारी चकती बहुधा सहा मिलिमीटर लांब आणि साडेचार मिलिमीटर रुंद, म्हणजे साधारण डाळीच्या दाण्याएवढी असते. एवढ्याशा ओंजळीत समईचा मंद उजेड तो कितीसा मावणार? म्हणून चित्र रवाळ निघे. फ्लॅश उडविला तर तो भिंगाच्या अगदी शेजारी असल्याने त्याचा उजेड डोळ्याच्या आतील रक्तवाहिन्यांवरून सरळ परत येई आणि सात्त्विक स्वभावाच्या आजीचे डोळे अंगाऱ्यासारखे लाल दिसत.

तिसरी अडचण हवेची. धारवाडचा पाऊस रेंगाळणारा. भिंती ओल धरतात, पुस्तके बुरसटतात, आणि कॅमेऱ्याच्या भिंगावरही बुरशीचे कोळिष्टक धरते. काही कॅमेऱ्यांत तर आतील चकतीच निकामी होऊन चित्रे जांभळी, वेडीवाकडी येऊ लागत किंवा अजिबात काळी पडत. पुष्कळांनी ह्यात स्वतःच्या हाताळणीचा दोष मानला. वस्तुतः त्या चकतीच्या आतील तारांचे जोड उष्ण व दमट हवेत सुटतात, असे २००५ च्या ऑक्टोबरात अनेक जपानी कंपन्यांनी स्वतःच जाहीर केले होते आणि दुरुस्ती विनामूल्य करून देण्याची तयारी दाखविली होती. ज्यांना इंग्रजी वर्तमानपत्रे आणि दूरध्वनी ह्यांच्या साहाय्याने ही वार्ता कळली, त्यांचे कॅमेरे सुधारले. ज्यांना कळली नाही, त्यांचे खणात गेले.

बाजारात ह्या काळात 'मेगापिक्सेल' ह्या शब्दाचा मोठा दरारा होता. तीनचा कॅमेरा असलेला मनुष्य सातच्या मालकापुढे ओशाळा होई. त्यात तथ्य थोडेच होते. पोस्टकार्डाएवढा, म्हणजे चार इंच रुंद व सहा इंच लांब फोटो उत्तम छापावयास वीस-बावीस लाख ठिपके पुरतात; सात इंच बाय पाच इंचांस तीस-बत्तीस लाख. यास्तव २००३ चा जुना तीन मेगापिक्सेलचा कॅमेरा आज हास्यास्पद वाटला तरी त्यातील चित्रे हास्यास्पद नाहीत. ती छापण्याजोगी आहेत. ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवावी.

ह्या कॅमेऱ्याने आणखी एक बटण घरात आणले आणि त्याचा विचार फार कमी झाला आहे. ते म्हणजे पुसून टाकण्याचे बटण. फिल्मच्या काळात फोटो वाईट आला तरी तो राही, कारण त्यास पैसे पडलेले असत. आता तसे नव्हते. फोटो काढताच सासूबाई पडद्यात डोकावत आणि म्हणत, "अगं बाई, किती सुकलेली दिसते मी! पूस गं तो." सून म्हणे, "अहो आई, राहू द्या की, छान आहे." "नको, नको. पूस आधी." आणि तो पुसला जाई. असे करता करता सासूबाईंचे दहा वर्षांतले सगळे साधे चेहरे पुसले गेले. उरले ते शालू नेसून, फुले माळून, सावरून बसलेले. त्या गेल्यानंतर मुलांना जो चेहरा आठवतो तो विळीपुढे बसून भाजी चिरतानाचा. आणि तोच नेमका कोठे सापडत नाही. वृद्धांनी स्वतःचे फोटो पुसण्याची घाई करू नये. आपण कसे दिसतो हे ठरविण्याचा अधिकार थोडासा नातवंडांसाठीही राखून ठेवावा.

ह्या कॅमेऱ्यांचा उत्कर्ष आणि अपकर्ष दोन्ही अचंबा वाटावा असे जलद झाले. जपानमधील कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१० ह्या एका वर्षात जगभर सुमारे १२ कोटी १५ लाख डिजिटल कॅमेरे रवाना झाले. त्यांपैकी १० कोटी ८५ लाखांच्या वर न बदलता येणाऱ्या भिंगाचे, म्हणजे बहुतेक करून छोटे कॅमेरे होते. २०२३ मध्ये हाच आकडा सुमारे १७ लाखांवर आला. शंभरामागे दोनसुद्धा उरले नाहीत! मोबाइल फोनने त्यांची जागा घेतली. २०२४ मध्ये आकडा किंचित चढून १९ लाखांच्या आसपास गेला. तरुण मुलामुलींना जुन्या छोट्या कॅमेऱ्यांच्या रंगांची आणि फ्लॅशच्या कडक उजेडाची नवी गोडी लागली आहे, हे त्याचे एक कारण होय. जी यंत्रे आईवडिलांनी खणात टाकली ती मुले हुडकून काढीत आहेत. हा छंद चांगला. पण खणात यंत्रापेक्षा मौल्यवान असे काही पडलेले आहे, तिकडे ह्या निमित्ताने लक्ष जावे.

त्या यंत्राच्या पोटातील कार्डात चित्रे साठविलेली असतात ती अतिसूक्ष्म विद्युत्‌भाराच्या रूपाने. तो भार हळूहळू गळतो. हे कार्ड म्हणजे ताम्रपट नव्हे. वर्षानुवर्षे न वापरता पडून राहिले तर त्यातील मजकूर शाबूत राहीलच अशी हमी कोणी देत नाही. त्या वेळी पुष्कळांनी फोटो सीडीवर उतरवून घेतले. त्या घरी नोंदविलेल्या सीडींवरील रंगाचा थरही ऊन, उष्मा आणि दमटपणा ह्यांनी बिघडतो. ज्या संगणकावर चित्रे चढविली होती तो केव्हाच भंगारात गेला. एक्सडी आणि मेमरी स्टिक ह्यांसारख्या जुन्या कार्डांना लागणारे वाचक यंत्र आता सहज मिळत नाही. म्हणजे आजोबांच्या १९५८ च्या लग्नाचा फोटो कपाटात सुखरूप आहे आणि नातवाच्या २००६ च्या बारशाचे दोनशे फोटो आहेत की नाहीत हे कोणी सांगू शकत नाही. पुढे चाळीस वर्षांनी आल्बम उलटणाऱ्यास असे वाटेल की, ह्या घराने एकविसाव्या शतकाच्या आरंभी काही काळ फोटो काढणेच सोडून दिले होते.

ही हानी केवळ घरापुरती नाही. हुबळी-धारवाड रस्ता जलद बससेवेसाठी रुंद झाला आणि २०१८ मध्ये त्यावर त्या बसगाड्या धावू लागल्या. त्यापूर्वीच्या रस्त्याच्या दोन्ही अंगांची झाडे आणि जुनी घरे कशी होती, हे कोणत्या सरकारी दप्तरात पाहावयाचे? ते सापडेल तर लग्नाच्या वरातीच्या, शाळेच्या मिरवणुकीच्या किंवा नवी मोटारसायकल दाखविणाऱ्या एखाद्या तरुणाच्या फोटोत, त्याच्या मागे. पिगू आणि बिग्ज ह्यांनी देवळे टिपली. गल्ल्या, ओटे, परसे आणि माणसे टिपली ती ह्या निनावी, हौशी लोकांनी. गावाच्या इतिहासाचे अर्धे साधन आज टेबलांच्या खणांत आहे.

तेव्हा करावयाचे काय? उपाय अवघड नाहीत. प्रथम खण उघडून कॅमेरा बाहेर काढावा. त्यात साध्या पेन्सिल सेलच्या बॅटऱ्या असतील तर त्या आधी काढाव्यात. त्या पाझरून आतील पत्रे गंजलेले असू शकतात. सपाट, चार्ज होणारी बॅटरी असेल आणि ती फुगलेली दिसली, तर ती दाबू नये, टोचू नये, चार्ज करू नये. जुनी विद्युत उपकरणे स्वीकारणाऱ्या केंद्राकडे द्यावी. कॅमेरा चालू झाला नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही, कारण चित्रे कॅमेऱ्यात नसून कार्डात असतात. कार्ड काढावे. एसडी कार्डाच्या कडेस एक बारीक खटका असतो. तो 'लॉक' बाजूस सरकविला की चुकून काही पुसले जाण्याची भीती कमी होते. मग कार्ड वाचणाऱ्या लहान यंत्रातून चित्रे संगणकावर उतरवून घ्यावीत. काही कॅमेऱ्यांच्या अंगातही थोडी स्मृती असे व कार्ड नसताना काढलेली पाच-दहा चित्रे तेथे दडलेली असतात. त्यासाठी कॅमेऱ्याची तार मात्र शोधावी लागेल. जुन्या प्रकारचे कार्ड असेल तर गावातील जुन्या फोटो स्टुडिओत चौकशी करावी; त्यांच्याकडे अशी साधने पुष्कळदा राखलेली असतात. कार्ड रिकामे दिसले तर त्यावर नवीन काही काढू नये. पुसलेली चित्रे त्यांच्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत कित्येकदा परत मिळविता येतात.

चित्रे हाती आली की त्यांच्या दोन प्रती कराव्यात आणि त्या दोन घरांत ठेवाव्यात. एक धारवाडास असेल तर दुसरी पुण्यास वा बंगळूरला. ह्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यांतील शंभर-दोनशे चित्रे निवडून कागदावर छापून घ्यावीत. हजारो चित्रे कोणी पाहत नाही, शंभर पाहतात. छापलेल्या फोटोच्या पाठीमागे मऊ शिसपेन्सिलीने माणसांची नावे, नाते, गाव आणि वर्ष लिहावे. यंत्राने छापलेल्या तारखेवर विसंबू नये. ह्या कॅमेऱ्यांतील घड्याळ बॅटरी संपताच मागे जाई आणि पुन्हा कोणी लावीत नसे. त्यामुळे भर पावसात झालेल्या साखरपुड्यावर एक जानेवारीची तारीख दिसते आणि नात आजीपेक्षा आधी जन्मलेली ठरते.

नावे लिहिण्याचे काम ज्यांना करता येईल ती माणसे आज घरात आहेत, हा ह्या सर्व विवेचनातील कळीचा मुद्दा आहे. गाठीभेटीच्या त्या गर्दीच्या फोटोत मागच्या रांगेत उभी असलेली, डोक्यावर पदर घेतलेली बाई कोण, हे सांगू शकणारी एखादीच आजी मळमड्डीतल्या त्या घरात आता उरलेली असते. ती म्हणते, "ही बेळगावची माई. हिनेच तुझ्या बाबाला अक्षर ओळख करून दिली." हे वाक्य कोणत्याही कार्डात साठविलेले नाही आणि कोणत्याही स्टुडिओत ते परत मिळवून देता येणार नाही. कार्ड कदाचित आणखी पाच वर्षे तग धरील. आजीची दृष्टी आणि स्मरण तेवढी धरतीलच असे नाही. यास्तव हे काम येत्या सुटीवर टाकू नये. येत्या रविवारी दुपारी, जेवणे आटोपल्यावर, खणातला तो कॅमेरा बाहेर काढावा, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसास शेजारी बसवून घ्यावे आणि ती सांगतील ती नावे पेन्सिलीने लिहून घेण्यास आरंभ करावा.